राजीनामा देऊ की कंपनीच्या पटावर राहू? (चौथी स्टेज, वय ४७)

मायक्रोमीटर
रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. टाइप करायला मला वेळ लागतो, का ते पुढे येईलच. चुका सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत क्वालिटीला आहे. सतरा वर्षं झाली, त्याच शेडमध्ये. गेल्या जूनमध्ये पोट फुगायला लागलं. गॅसेस म्हणून आठ दिवस ओवा खाल्ला, नवव्या दिवशी ऑपरेशन टेबलवर. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरवर चार गाठी. डॉक्टर सरळ माणूस आहे. म्हणाले, "बरं होणार नाही, पण चालवता येईल." किती दिवस, असं विचारलं तर त्यांनी आकडा दिला नाही, टॉलरन्स (चालेल एवढा कमीजास्त फरक) दिला. दीड वर्ष धरा, थोडं अलीकडे, कदाचित बरंच पलीकडे. एवढा मोकळा टॉलरन्स ड्रॉइंगवर असता तर आमच्याकडे एक पार्ट रिजेक्ट झाला नसता.

सध्या दर एकवीस दिवसांनी एक सलाईन, मग चौदा दिवस दोन वेळा गोळ्या, सात दिवस सुट्टी. पाच सायकल झाल्या. सलाईननंतरचे चार-पाच दिवस मी कामाचा नसतो. बाकीचे दिवस कंपनीत जातो. जाऊ शकतो, असं म्हणा.

आता कामाचं सांगतो. माझं टेबल स्टँडर्ड रूममध्ये. ती खोली वीस डिग्रीला ठेवायची असते, मोजमापाचा नियमच तो. आणि या सलाईनचा गुण असा की गार वस्तूला हात लागला की बोटांतून करंट जातो. फ्रीजचं हँडल, सकाळचा नळ, स्टीलचा तांब्या. मी आख्खा दिवस गार लोखंड हातात घेणारा माणूस. लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, पण स्लिप गेजला, म्हणजे मोजमापाच्या गुळगुळीत पोलादी तुकड्यांना, धागा चिकटतो. गोळ्यांनी तळहात सोलवटून गुळगुळीत झालेत. मायक्रोमीटर फिरवताना जो 'फील' लागतो तो आता येत नाही, नुसती रॅचेटची टकटक ऐकायची आणि आकड्यावर भरवसा ठेवायचा. दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून एक लॉट चुकून पास झाला. कस्टमरकडून परत आला. कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. त्यानंतर मी होऊनच कागदाच्या कामाला बसलो: रिपोर्ट, गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखा, ऑडिटच्या फायली.

अजून एक गंमत. माझे ठसे गेले. हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला की ती बाई म्हणते, 'प्लीज ट्राय अगेन'. मागे शिफ्ट सुटल्याची रांग असते. आठ-दहा वेळा ट्राय अगेन झालं की मी बाजूला होतो आणि पोरांना जाऊ देतो.

तर प्रश्न. आमच्या शेठनी परवा केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, ऑपरेशनच्या वेळी स्वतः हॉस्पिटलात येऊन गेले होते. म्हणाले, "किती ओढणार? राजीनामा दे. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आठ दिवसांत, वर माझ्याकडून तीन महिन्यांचा पगार. घरी आराम कर, पोरांबरोबर राहा." मेव्हणा म्हणतो हो म्हण, पीएफ पण काढ आणि फ्लॅटचं कर्ज उडवून टाक, डोक्यावर बोजा नको. बायको म्हणते, "तुम्ही दिवसभर घरात बसलात तर आजार मला होईल."

आकडे देतो, कारण आकड्याशिवाय सल्ला मागणं म्हणजे ड्रॉइंगशिवाय पार्ट मोजणं.

हातात पूर्वी ३८ हजार यायचे. रजा संपल्या, आता बिनपगारी दिवस जाऊन ३०च्या आसपास येतात. बेसिक आणि डीए मिळून २४ हजार. पीएफमध्ये ७ लाख ८० हजार. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता १६,२००, बाकी १३ लाख ४० हजार. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर, कर्जात बायको सहअर्जदार. कंपनीचा मेडिक्लेम ३ लाखांचा, त्यातले २ लाख ६० हजार ऑपरेशनलाच गेले. किमो महात्मा फुले योजनेतून होते, केशरी कार्ड आहे, तिथे आजवर काही भरावं लागलं नाही. एलआयसीच्या दोन जुन्या पॉलिसी, एक २ लाखांची, एक १ लाखाची. एजंट म्हणतो, पैशाची गरज असेल तर सरेंडर करू. टर्म इन्शुरन्स नाही. 'बघू पुढच्या वर्षी' असं करत सतरा वर्षं गेली. बायको डबे करते, चौदा डबे आहेत. मुलगी बारावी सायन्सला, मुलगा आठवीत. आई गावी, जुन्नर तालुक्यात.

आणि दोन गोष्टी मेव्हण्यालाही सांगितलेल्या नाहीत. कामगार पतसंस्थेचं कर्ज आहे, गावच्या घराच्या पत्र्यांसाठी काढलेलं, १ लाख ८४ हजार बाकी. पगारातून कापतात. त्याला दोन जामीनदार, एक सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर, एक स्टोअरवाला. दोघांचीही पोरं लहान आहेत. मी गेलो तर त्यांच्या पगारातून कापणार. दुसरी, भिशी. वीस जणांची, महिना तीन हजार. ऑपरेशनच्या वेळी पोरांनी चिठ्ठी न टाकता सगळे ६० हजार मला देऊन टाकले. अजून अकरा हप्ते मी देणं लागतो. राजीनामा दिला तर त्या सगळ्यांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, हा माझा खरा प्रश्न आहे. बाकीचा हिशोबाचा.

राजीनामा देऊ का? पीएफने कर्ज फेडू का? जाणकारांनी सांगावं. धीराचे शब्द नकोत, ते घरी खूप आहेत.

---

निसर्गप्रेमी
सोमवार, सकाळी ६.१५

दादा, सकारात्मक राहा. रोज उपाशीपोटी गव्हांकुराचा रस घ्या, साखर पूर्ण बंद करा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाठी विरघळल्या. पैशांचा विचार नंतर.

---

मायक्रोमीटर
सोमवार, सकाळी ८.०५

आभार. पण प्रश्न पीएफचा आहे, पोटाचा नाही.

---

टाइमऑफिस
सोमवार, सकाळी १०.३०

मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात ३१ वर्षे काढली. हजेरी, पीएफ, ग्रॅच्युइटी यातच केस पिकले. तुम्ही धीराचे शब्द नको म्हणालात ते बरे केले, मला ते जमत नाहीत.

पहिली गोष्ट. राजीनाम्यावर सही करू नका. केली असेल तर आजच शेठना भेटून परत घ्या.

कारण ऐका. पीएफच्या जोडीला ईडीएलआय नावाचा विमा असतो. तुमच्या पगारातून त्याचा एक पैसा कापला जात नाही, अर्धा टक्का मालक भरतो, म्हणून कामगाराला त्याचा पत्ताच नसतो. सदस्य नोकरीत असताना गेला तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. हिशोब असा: शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, पण १५ हजारांपर्यंतच धरायचा, गुणिले ३५. म्हणजे ५ लाख २५ हजार. अधिक पीएफमधल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार. बेरीज ७ लाख. तुमचे बेसिक-डीए २४ हजार आहे, तेव्हा बिनपगारी दिवस वजा करूनही १५ हजारांच्या वर राहाल तोवर काही कमी होत नाही.

'नोकरीत असताना' हे दोन शब्द महत्त्वाचे. राजीनामा दिलात की हे ७ लाख गेले. शेठ देतात तो तीन महिन्यांचा पगार म्हणजे १ लाख १४ हजार. ग्रॅच्युइटी त्यांच्याकडून भेट म्हणून घेऊ नका, ती दोन्हीकडून तुमचीच आहे. २४ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले १७, म्हणजे साधारण २ लाख ३५ हजार. आज गेलात तरी, पटावर राहून गेलात तरी. (माफ करा, आमच्याकडे असेच बोलायची सवय.)

दुसरे, मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी दरवर्षी नवी होते. एप्रिलला होत असेल तर एप्रिलमध्ये ३ लाख पुन्हा उभे राहतात. बाहेर तुम्हाला आता कोणी पॉलिसी देणार नाही. पटावर नसाल तर तेही गेले.

तिसरे, पीएफने गृहकर्ज फेडू नका. आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते, तेवढी गरजेला काढा. पण वर सांगितलेला शिलकीचा हिशोब लक्षात ठेवा. सरासरी शिल्लक साडेतीन लाखांच्या खाली गेली की विम्याचा तो भाग घटायला लागतो. शिवाय पीएफचा पैसा वारसाकडे जातो तेव्हा त्यावर तुमच्या कुठल्याही देणेकऱ्याचा हात पोहोचत नाही, कायद्यानेच तसे संरक्षण आहे. तोच पैसा बँकेत ओतलात की ते संरक्षण संपले.

चौथे. अगदीच कामावर जाणे बंद पडले तर बिनपगारी रजा मागा, पण नाव पटावर ठेवा. पीएफ कापणे थांबले तरी शेवटच्या कपातीपासून सहा महिन्यांच्या आत काही झाले आणि नाव पटावर असले, तर दावा धरला जातो. ही दुरुस्ती २०२५ची आहे, तुमच्या एचआरला माहीत नसेल तर वाचायला लावा. शेठ चांगले आहेत म्हणता. मग त्यांना सांगा, तो तीन महिन्यांचा पगार राजीनाम्यावर देण्याऐवजी भरपगारी रजा म्हणून द्या. त्यांचा खर्च तोच, तुमच्या घराला फरक सहा-सात लाखांचा. बहुतेक मालकांना हे ठाऊकच नसते, ते खरेच दयेपोटी राजीनामा मागतात.

पेन्शनचेही सांगून ठेवतो. तुमच्यामागे पत्नीला पीएफची पेन्शन, आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या पेन्शनच्या पंचवीस-पंचवीस टक्के. रक्कम मोठी नसते, पण दर महिन्याला येते.

पाचवे, पीएफचे ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारसनोंद. आजच करा. ठसा लागत नाही, आधारच्या मोबाईलवर ओटीपी येतो. एलआयसीच्या जुन्या पॉलिसींवर नाव कोणाचे आहे तेही बघा. लग्नाआधीची असेल तर नव्वद टक्के आईचे असते.

एलआयसी सरेंडर अजिबात नाही. हप्ता चुकवू नका. आता सरेंडर करून हातात येईल त्याहून कितीतरी जास्त दाव्यात येतील. फारच अडले तर पॉलिसीवर कर्ज काढा.

गृहकर्जाची फाइल काढा. मंजुरीच्या कागदांत कुठेतरी विम्याचा एकरकमी हप्ता कापलेला असू शकतो. लोक तिथे न वाचता सही करतात. आणि पतसंस्थेचे पोटनियम मागून घ्या. पुष्कळ पगारदार पतसंस्थांत मयत सभासदाचे कर्ज निधीतून भागवायची तरतूद असते. जामीनदारांची काळजी करता हे वाचून बरे वाटले. माझ्या ३१ वर्षांत अशी काळजी करणारे फार थोडे पाहिले.

भिशीचे मला काही सांगता येणार नाही.

---

जाईजुई
सोमवार, दुपारी ३.२०

दादा, मी इचलकरंजीची. टाइमऑफिस काकांनी जे लिहिलंय ते माझ्या घरात उलटं झालं, म्हणून लिहितेय.

ह्यांना स्वादुपिंडाचा होता. कंपनीनं सांगितलं राजीनामा द्या, हिशोब लगेच करतो. आम्हाला तेव्हा वाटलं देवच भेटला. दिला. पाचव्या महिन्यात हे गेले. पीएफचे पैसे मिळाले, पेन्शन चालू झाली, पण विमा नाही. खिडकीवरच्या बाईंनी कागद परत सरकवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, सही थोडी उशिरा केली असती तर." त्या बाईंचा राग नाही. त्या सहीच्या वेळी पेन मीच आणून दिलं होतं.

दुसरं सांगते, ते काकांच्या यादीत नाही. मोबाईल. सगळी खाती, गॅस, लाइट बिल, मुलाची फी, सगळं ह्यांच्या नंबरवर. हे गेल्यावर फोन उघडता येईना. बोटानं उघडायचा ना. बँकेत माझं नाव जॉइंट नव्हतं, नॉमिनी होते. त्यामुळे पैसे मिळाले, पण मधले अडीच महिने घर कशावर चाललं ते मला आणि माझ्या भावाला ठाऊक. तुम्ही पगाराच्या खात्याला वहिनींचं नाव जोडून घ्या, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला, असं. बँकेत त्याचा फॉर्म असतो.

आणि एक वही करा. कुठे काय आहे, कोणाचं किती देणं, कोणाकडून किती येणं. मला ही वही ह्यांच्याकडे मागायची होती. रोज वाटायचं आज विचारू. विचारलं तर ह्यांना वाटेल ही वाट बघतेय, म्हणून गप्प बसले. तुमच्या वहिनी पण विचारणार नाहीत. तुम्हीच त्यांच्या हातात द्या.

तुमचा पगार २१ हजारांच्या वर आहे म्हणून ईएसआय (राज्य कामगार विमा) नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कोणी ईएसआयमध्ये असेल तर कॅन्सरला लांब मुदतीचा आजारपणाचा भत्ता असतो, पगाराच्या ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत. नोकरीची दोन वर्षं झालेली लागतात. माझ्या जावेच्या भावाला मिळाला. मागितला म्हणून मिळाला.

---

दुसरी_लाईन
सोमवार, रात्री ९.५०

हँडलवरून कळलंच असेल. पहिली किमो चालेनाशी झाली, आता दुसरी चालू आहे. साताऱ्यात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल. तुमचंच सलाईन मलाही होतं.

पहिले बोटांचं. तळहातांना युरियाचं मलम, रात्री लावून वर सुती मोजे. डॉक्टरांना तुमच्या कामाचं नीट सांगा. 'हातांना मुंग्या येतात' एवढंच म्हटलं तर ते मान डोलावतात. 'मी बोटांवर पोट भरतो' म्हटलं तर ऐकतात. माझ्या डॉक्टरांनी ते सलाईन सातव्या सायकलनंतर थांबवलं आणि नुसत्या गोळ्यांवर ठेवलं. मुंग्या लगेच जात नाहीत, थांबवल्यावरही काही काळ उलट वाढू शकतात. माझ्या डाव्या हाताच्या अजून आहेत. डॉक्टरांकडून 'हलकं काम करण्यास योग्य' असं लेखी घेऊन एचआरला द्या. उद्या परत एखादा लॉट आला तर तुमच्याकडे कागद असावा.

काकांचं सगळं पटलं, फक्त एका गोष्टीत थोडं वेगळं बोलतो. पटावर राहा, नक्की राहा. पण पटावर राहणं आणि रोज जाणं यात घोळ करू नका. मी पहिल्या वर्षी एकही ऑर्डर सोडली नाही. लोक म्हणायचे काय जिद्द आहे. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग मी एका आमदाराच्या अहवालाच्या प्रूफांवर घालवलं. तो अहवाल कोणी वाचला असेल असं वाटत नाही. आता चार तास बसतो, बाकी बंद. पैसे कमी येतात, उधारी वाढलीय, खोटं कशाला बोलू.

बारीकसारीक: उपचारासाठी मुंबईला वगैरे जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७पासून, मोफत. नाव ऐकून लोक घाबरतात, शेवटची जागा समजतात. मी दुखण्यासाठी आठ दिवस राहून आलो आणि परत कामाला बसलो. दुखणं आटोक्यात असलं तरच कामाचे तास मिळतात, म्हणून तेही हिशोबातच धरा.

उपचाराच्या खर्चावरच्या इन्कम टॅक्स सवलतीचं कोणीतरी सांगेलच. ती जुन्या पद्धतीत आहे. तुमच्या पगाराला नव्या पद्धतीत करच बसत नाही, तेव्हा तिच्या कागदांमागे धावू नका.

---

प्रवेशफेरी
मंगळवार, दुपारी १२.१०

इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात आहे म्हणून एवढंच. मुलगी बारावीला आहे लिहिलंत. २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तहसीलचा उत्पन्न दाखला आणि जातीचे कागद आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. फीसाठी म्हणून पीएफ बाजूला ठेवत असाल तर तो आकडा परत बघा.

---

मायक्रोमीटर
पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गप्प होतो कारण सहावं सलाईन झालं आणि त्यानंतर कागद शोधत होतो. क्रमाने सांगतो.

सही केलेली नव्हती. शेठकडे गेलो. काकांचा हिशोब एका कागदावर मांडून नेला होता, ड्रॉइंगसारखा, डाव्या बाजूला राजीनामा, उजव्या बाजूला पट. त्यांनी दोनदा वाचला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. अकाउंटंटला बोलावून विचारलं, त्याने मान खाली घातली. आता ठरलंय असं: तीन महिन्यांचा पगार रजा म्हणून, सलग नाही, सलाईननंतरचे पाच-सहा दिवस त्यातून कापायचे. म्हणजे पुरवून पुरवून वर्षभर चालेल. शेठ म्हणाले, "मी तुला घालवत नव्हतो रे." मी म्हणालो माहीत आहे.

गृहकर्जाच्या फाइलमध्ये विमा निघाला. ३८ हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला, नऊ वर्षांपूर्वी. कर्ज उतरतं तसं त्याचं कव्हर उतरतं. पानावर माझी सही आहे, ती करताना कशावर करतोय ते बघितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शेरे मारले आणि स्वतःच्या सतरा सह्या डोळे मिटून केल्या. या वेळी नशिबाने चूक बाजूने झाली. तीन वर्षं कधीच उलटली, तेव्हा आता विमा कंपनीला आजार लपवला वगैरे म्हणत पॉलिसी उकरता येणार नाही, असं एका वकील मित्राने सांगितलं. पीएफला हात लावत नाही.

एलआयसीच्या मोठ्या पॉलिसीवर आईचंच नाव होतं. काका, तुमचा अंदाज बरोबर. बदललं नाही. त्याच मित्राने सांगितलं की मृत्युपत्र नसेल तर फ्लॅटमध्ये बायको आणि दोन मुलांबरोबर आईचाही सारखा वाटा निघतो, आणि सोसायटीत नॉमिनी लावला म्हणून कोणी मालक होत नाही. मग असं केलं: पॉलिसीचे २ लाख आईला राहू दिले, फ्लॅट मृत्युपत्राने बायकोला. साधा कागद, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार. आईला शुक्रवारी गावी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला पैसे नको, तू खाऊन आलास का?" भाऊ ओसरीवर बसून ऐकत होता, काही बोलला नाही. पुढे बोलेल असं वाटतं, म्हणून मृत्युपत्र रजिस्टर करून घेणार आहे, गरज नसली तरी.

साक्षीदार कोण घेतले सांगू? तेच दोघे, सीएनसीवाला आणि स्टोअरवाला. त्याच बैठकीत पतसंस्थेचं बोललो. पोटनियमात मयत सभासदाच्या कर्जासाठी निधी आहे, पण मर्यादा १ लाखाची. वरचे ८४ हजार उरतात. वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे की विम्याचे पैसे आले की त्यातले ८४ आधी तिकडे. बायकोला दाखवलं. जाईजुई ताई, तुम्ही म्हणालात तसंच होतं. तिने वही घेतली, डब्यांच्या हिशोबाच्या वहीखाली ठेवली आणि म्हणाली, "मी केव्हापासून तुमच्या कपाटातल्या फायली बघायला जात होते आणि परत येत होते." पगाराच्या खात्याला तिचं नाव लावायचा फॉर्म भरला. तिथेही अंगठा मागितला. मशीनने नाही म्हटलं. मॅनेजरने सही चालवून घेतली.

दुसरी_लाईन, डॉक्टरांना तुमच्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी डोस थोडा कमी केला आणि आठव्यानंतर बघू म्हणाले. युरियाचं मलम आणलं. रोज जायचं की नाही यावर अजून डोकं चालत नाही. परवा स्टँडर्ड रूममध्ये नवीन पोराला स्लिप गेज लावायला शिकवत होतो. मी हात न लावता, तोंडाने. "दाबू नको, सरकव. आता सोड. चिकटलं? आता उचल." त्याला तिसऱ्या वेळी जमलं. त्याला जमेपर्यंत तरी जाईन म्हणतो, आणि असे अजून दोघे आहेत.

हजेरीचं एचआरवाल्या मॅडमनी केलं. गेटवर सिक्युरिटीकडे माझ्या एकट्यासाठी रजिस्टर ठेवलंय, येताना-जाताना सही.

राहिली भिशी. पोरांना सांगितलं की अकरा हप्ते पगारातून येत राहतील, मध्येच काही झालं तर वहीत लिहिलेलं आहे. एक जण म्हणाला, दादा सोडा ना ते. दुसऱ्याने त्याला गप्प केलं आणि माझ्याकडून या महिन्याचे तीन हजार मोजून घेतले. दोनदा मोजले.

काका, एक विचारायचं राहिलं. ई-नॉमिनेशनमध्ये मुलाच्या नावापुढे पालक म्हणून बायको टाकली आहे, तो अजून अल्पवयीन आहे म्हणून. ते तसंच टाकायचं ना?

---

टाइमऑफिस
रविवार, रात्री ८.१५

तसेच टाकायचे. टक्केवारीची बेरीज शंभर होते का ते बघा, आणि ई-साइन झाल्याची पीडीएफ छापून वहीत चिकटवा.